रिपोर्टच्या आधीचे पाव

त्या सकाळी पीठ भलतंच उत्साहात होतं. एरवी दीड तास लोळत पडणारं, ते पाऊण तासातच परातीच्या काठावर येऊन बसलं. बेकरीवाल्याने त्यात बोट खुपसून पाहिलं आणि तो स्वतःशीच हसला. "यालासुद्धा कळलंय वाटतं," म्हणत तो गोळे वळायला बसला.

तीस वर्षं पिठात हात घालणाऱ्या माणसाला खरं तर तिथेच संशय यायला हवा होता. पण त्या दिवशी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि का असावं? अकरा वाजता त्याच्या मुलीचा रिपोर्ट मिळणार होता.

मुलगी नऊ वर्षांची. सदान्‌कदा तुरुतुरु पळायची म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलेलं. सातव्या वर्षी तिच्या रक्तात कॅन्सर सापडला आणि पळणं थांबलं. त्यानंतर सव्वादोन वर्षं सुया, सलाईन आणि गोळ्या. शेवटची गोळी महिन्यापूर्वी संपली होती. आजचा रिपोर्ट चांगला आला तर उपचार संपले, औषधं सोडायला छातीपाशी बसवलेली नळी काढून टाकायची. नाही आला, तर सगळं पहिल्यापासून. हे "नाही आला" घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं.

आणि या बेकरीवाल्या पठ्ठ्याने आदल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं, की उद्या सगळ्या वॉर्डला पाव वाटायचे!

"अहो, रिपोर्ट तर हातात येऊ द्या," बायको म्हणाली होती. "आधीच आभार मानून बसायचं, आणि मग..."

"अगं, वॉर्डातली माणसं काय रिपोर्ट बघून राबली का?" तो म्हणाला. यावर ती रागावलीच.

दोघांची देवाशी बोलायची तऱ्हाच निराळी. बायको रोज सकाळी खिडकीपाशी हात जोडून उभी राहायची आणि देवाचा अक्षरशः पिच्छा पुरवायची. काल काय मागितलं होतं, त्यातलं काय मिळालं, काय राहिलं, सगळं त्याला ऐकवायची. बेकरीवाल्याला तसं काही जमायचं नाही. डोळे मिटले की त्याला झोप यायची. म्हणून त्याने आपली एक रीत काढली होती. पावाचा गोळा वळताना एकेका माणसाची आठवण काढायची, एका गोळ्याला एक माणूस. पहिल्याच टोचणीत शीर शोधणारी, गाताना मात्र सूर कधीच न सापडणारी सिस्टर. मुंगीला उलटी झाली की "काही नाही गं, फरशीलाच आंघोळ" म्हणणाऱ्या सफाईच्या मावशी. न सांगता येऊन तीनदा रक्त देऊन गेलेला शेजारचा शिंपी. त्या दिवशी तर तो इतका अधीर झाला होता, की गोळे वळायची वाट न बघता पीठ कालवतानाच त्याने माणसं आठवायला सुरुवात केली होती.

साडेदहाला तिघं दवाखान्यात पोचली. बायकोच्या मांडीवर फाइल, त्याच्या मांडीवर पावांचा मोठा डबा. सिस्टरने झाकण उघडून पाहिलं, होकार दिला आणि मग डबा फिरू लागला. सिस्टरने खाल्ला, "मऊ झालाय हो!" म्हणाली. मावशींनी खाल्ला, मान डोलावली. बाकांवरच्या मुलांनीही कुरतडले, पण त्यांचं काय, औषधांनी त्यांच्या जिभा मेलेल्या. मुंगीचंही दोन वर्षं तेच झालं होतं. बाप दालचिनी घालून बघायचा, चीज घालून बघायचा, आणि ती एक घास घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत म्हणायची, "बाबा, पुठ्ठा छान झालाय." त्याला वाईट वाटू नये म्हणून 'छान'. ते 'छान' त्याला फार लागायचं.

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. डॉक्टरांचं दार बंदच. बायकोचे ओठ भराभर हलत होते, म्हणजे वर तगादा सुरू होता. बेकरीवाला फिरून परत आलेल्या डब्याचं झाकण लावत-काढत होता. मुंगीने कंटाळून डब्यातून एक पाव उचलला, मोठा घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! बाबा, तू मीठ विसरलास?"

"काय?"

"अळणी आहे हा. एकदम अळणी!"

त्याने तिच्या हातातला पाव ओढून घेतला आणि चावला. खरंच की! मिठाचा कण नव्हता. मीठ नाही, म्हणून तर पीठ असं उधळलं होतं! तीस वर्षांत असा गाढवपणा त्याच्या हातून झाला नव्हता.

"आम्हाला वाटलं, पेशंटसाठी मुद्दाम केलेत," सिस्टर ओशाळून म्हणाली.

पण तो ऐकतच नव्हता. "परत सांग," तो मुलीला म्हणाला. "कसा आहे?"

"अळणी! किती वेळा सांगू?"

बायकोच्या हातातली फाइल खाली पडली. तिने मुंगीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ती हसू लागली, रडू लागली. बेकरीवाला तर भर वॉर्डात फरशीवरच बसला आणि हुंदके देऊ लागला. इतका आनंद त्याला झेपत नव्हता.

तेवढ्यात दार उघडून डॉक्टर बाहेर आले आणि दचकले. "अहो, मी अजून काही सांगितलंच नाही!"

"मग सांगा ना!" बायको ओरडली.

"स्वच्छ आहे. रिपोर्ट अगदी स्वच्छ आहे. पुढच्या आठवड्यात नळी काढू."

बेकरीवाल्याने बसल्या बसल्याच डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. उठली ती बायको. कालपासून त्या पावांवर रागावलेल्या बाईने डबा कडेवर घेतला आणि ती वॉर्ड ओलांडून बाहेरच्या जिन्यापर्यंत, दिसेल त्याच्या हातात पाव कोंबत सुटली. "घ्या हो, घ्या! अळणी आहेत! माझ्या मुलीने सांगितलंय!"