ते दार कुणाचं?

"अगं बाई, चित्रपट उत्तम आहे हे इमिग्रेशनवाल्यांना मान्य आहे! पण त्यात तू काय केलंस, ते विचारतायत," वकीलबाई रीमा फाइल आपटत म्हणाली. "आणि तू बसलीयस मुकाट, चोरीचा आळ आल्यासारखी."

एतेरी खरंच मुकाट होती. जॉर्जिया देशात वाढलेली बाई ती. तिथे जेवणाच्या टेबलावर प्याला उंचावून दुसऱ्याची तोंडभरून स्तुती करायची, स्वतःची केली तर लोक हसणार. आणि इथे अमेरिकेत कायमचं राहायचं तर स्वतःच्याच तोंडानं सांगायचं, की माझी गुणवत्ता असामान्य आहे, माझ्यासारखी चित्रपट संकलक शोधून सापडायची नाही. वर पुरावेही जोडायचे. असला निर्लज्ज कायदा कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे! पण अर्ज फेटाळला गेला की बॅग भरायची. आणि जायचं कुठे? तिकडे कुताइसी शहरातला तिचा स्टुडिओ बंद पडलेला, आई गेलेली, घर विकलेलं. ब्रुकलिनमधलं हे संकलनाचं काम आणि ती भाड्याची खोली, एवढाच तिचा संसार होता.

तो चित्रपट म्हणजे एक माहितीपट. डोंगरातल्या एका गावावर दरड कोसळली, त्याचा. दिग्दर्शक ओतार. परदेशात बक्षीस मिळालं ते एका दृश्यामुळे. पडद्यावर नुसतं बंद दार, आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज. पिरुझा नावाची आई आत मेलेल्या लेकीच्या केसांतला चिखल धुतेय, एवढं आपल्याला कळतं. बस्स. त्या दारासाठी पेपरवाल्यांनी ओतारला डोक्यावर घेतलं.

खरं तर ओतारनं फटीतून सगळं टिपलं होतं. आईचा चेहरा, लेकीचं मांडीवरचं डोकं, सगळं. शेवटी घरातल्या कुणीतरी दार लोटून घेतलं. एतेरीनं आधीचं सगळं कापलं आणि तेवढं दार ठेवलं. त्यावरून दोघांची अशी जुंपली, की ओतार "कर तुला काय करायचं ते!" म्हणत निघून गेला. बक्षीस घ्यायला मात्र पुढे.

"मग त्या ओतारकडूनच लिहून आण, दार तुझं म्हणून," रीमा म्हणाली. "दुसरा साक्षीदार आहे कोण? शुक्रवारी उत्तर गेलंच पाहिजे."

एतेरीनं ओतारला फोन लावला.

"एतेरी! जिवंत आहेस होय?" ओतार हसला. "मला वाटलं, अमेरिकेनं गिळलं तुला." आणि तिचं ऐकून चटकन म्हणाला, "लिहितो की! दार तुझंच होतं. शपथेवर लिहितो."

तिचे डोळेच भरून आले. इतकी वर्षं या माणसाच्या नावानं बोटं मोडली, आणि हा असा?

"फक्त ते कापलेलं चित्रण पाठव," तो म्हणाला. "मूळ डिस्क तुझ्याकडेच आहे ना? नवा चित्रपट करतोय. मला ती आई हवीय."

डिस्क होती. स्टुडिओ मोडला तेव्हा प्लमच्या चटणीच्या बाटल्यांबरोबर तिनंच ती बॅगेत घातली होती.

"ते नको, ओतार."

"मग पत्रही नको. माझं चित्रण मला द्यायला तुझा जीव जातो, आणि मी तुला फुकट डोक्यावर घेऊ?"

दोन दिवस एतेरीला अन्न गोड लागलं नाही. चित्रण त्याचं होतं, हेही खोटं नव्हतं. मग तिला एक वाट सुचली. जिचं दुःख तिलाच विचारू! हायसं वाटून तिनं पिरुझाला गावी फोन लावला.

"कोण, एतेरी? जेवलीस का गं पोरी?" पिरुझा मावशीचं पहिलं वाक्य कायम हेच.

एतेरीनं सगळं सांगितलं.

"नाही दिलंस तर तुला हाकलतील म्हणतेस?"

"हो, मावशी."

"मग दे ना. मला काय त्याचं आता. दे हो."

गुरुवारी सकाळी एतेरीनं डिस्क संगणकाला जोडली आणि चित्रण पाठवायला लावलं. ओतार फोनवरच होता. "येतंय... येतंय बघ," तो खूश होता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा चौकटीत मावशीचे हात दिसत होते, आणि पाण्याचा तांब्या. एतेरीनं नजर वळवली. पण मावशी मनातून काही हलेना. या बाईनं जन्मात कधी दारी आलेल्याला नाही म्हटलंय? लेकीला पुरलं त्या दिवशीसुद्धा चित्रण करणाऱ्यांना मक्याची भाकरी आणि चीज वाढल्याशिवाय सोडलं नव्हतं. अशा बाईकडे मागायचं, आणि वर म्हणायचं, तिनं परवानगी दिली! शी! मागितलं हेच चुकलं.

तिनं वायर उपटली.

"थांबलं गं इथे. काय झालं?"

"मी थांबवलं."

"मूर्ख बाई! सही केलेलं पत्र पडलंय माझ्या टेबलावर!"

"पडू दे."

"मग मर तिकडे!" ओतारनं फोन आपटला. आपण स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, हे एतेरीला स्वच्छ दिसत होतं. ती हमसून हमसून रडली.

शुक्रवारी तिनं पत्राऐवजी स्वतःचंच निवेदन दिलं. 'या चित्रपटातलं माझं सर्वांत चांगलं काम म्हणजे मी जे दिसू दिलं नाही ते. ते मी तुम्हालाही दाखवणार नाही.'

रीमानं कपाळाला हात लावला. "हा पुरावा आहे? बाकीचं जोडून पाठवते, पण आशा ठेवू नकोस बाई."

रविवारी फोन वाजला. मावशी. ती आपणहून कधी फोन करत नसे.

"दिलंस का गं ते?"

"नाही दिलं, मावशी."

"मग तुला हाकलणार?"

"बहुतेक."

पलीकडून रडण्याचा आवाज आला.

"मला माफ कर गं पोरी. तुझं वाईट होतंय, आणि मला मेलीला आनंद होतोय. तुला हो म्हटलं ना, तेव्हापासून माझ्या लेकीच्या फोटोकडे पाठ करून झोपतेय मी. आज कूस बदलीन."