बाहेरच्या दाराची कडी

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात घराला दोन दारं असतात. मधल्या चिंचोळ्या जागेत बूट, कोट आणि गोठलेलं मांस. बाहेरच्या दाराला कडी लावायची नाही, हा गावाचा रिवाज. अस्वल मागे लागलं तर दिसेल त्या घरात शिरता आलं पाहिजे.

शाळेत गणित शिकवायला आलेल्या चारुताला शेजारच्या डोराआजींनी हे आल्या आल्या बजावलं होतं. पण नागपुरात फ्लॅटमध्ये वाढलेली ती. दार लोटलं की हात आपोआप कडीकडे जायचा. अमेरिकेतच, पण दूर दक्षिणेला नोव्हाय शहरात राहणारा धाकटा भाऊ उल्हास फोनवर चिडवायचा, "लाव गं, तायडे. निदान अस्वल तरी सेफ राहील तुझ्यापासून."

डिसेंबरात तिथे सूर्य उगवत नाही. एका अंधाऱ्या दुपारी ती पेपर तपासत असताना बाहेरचं दार कुणीतरी ओढलं. कडी वाजली. मग थापा. हाक मात्र नाही. माणूस असता तर बोलला असता, असं स्वतःला समजावत ती आतल्या दारापाशी उभी राहिली. थापा थांबल्यावर तिने वायरलेसवरून आजींना बोलावलं.

आजी बंदूक आणि टॉर्च घेऊन आल्या. पायरीपर्यंत आलेले ठसे बुटांचे होते. परत गेलेले पंजांचे. रक्ताचा थेंब नव्हता. वायरलेसवर घरोघरी विचारलं, तर सगळे आपापल्या घरी होते.

"माझी आजी सांगायची," डोराआजी म्हणाल्या, "अस्वलं घरी कातडं उतरवून आपल्यासारखीच बसतात. कधी तशीच फिरायला निघतात. दार कोण उघडतं ते बघायला."

"आणि नाही उघडलं तर?"

"हळू बोल, पोरी. त्यांना ऐकू जातं."

चारुताने कडी उपटून टाकली. बर्फ वितळल्यावर ती घरामागच्या उतारावर बूट, टोपी, काहीतरी शोधत हिंडली. पुढच्या उन्हाळ्यातही हिंडली. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं. तो माणूसच होता, एवढं तरी कळलं असतं. मग या वाटण्याचीच तिला भीती वाटते.

उल्हास अजून मागे लागतो. "पुरे झालं आता. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करू नकोस. इकडे ये."

"येईन रे," ती म्हणते. "पण मी नसताना कुणी आलं तर?"