सदाभाऊंचा मत्स्यत्याग

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, बहरीनच्या हमद टाउनमधल्या आमच्या इमारतीतले बसचालक सदाभाऊ, मूळ गाव देवगड, यांनी मासे सोडले होते! ज्यांना ही बातमी किरकोळ वाटते, त्यांनी सदाभाऊंना मासळीबाजारात पाहिलेलं नाही. ते माशाचे कल्ले उघडायला वाकले की विक्रेता आपणहून भाव उतरवायचा.

आता ते कायमचे गावी गेलेत, म्हणून सांगायला हरकत नाही.

कारण खरंच गंभीर होतं. सुमनवहिनींचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. अन्न जाईना. अंगात ताकद आल्याशिवाय घरी सोडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. सदाभाऊ गावच्या देवीला नवस बोलले: सुमन घरी येईपर्यंत माशाला हात लावणार नाही. डेपोत कुणी तळलेला तुकडा पुढे केला की म्हणायचे, "मच्छी खलास, यार. बीवी आने तक."

जन्मात चहा न केलेला हा गृहस्थ पेज रांधायला शिकला. रोज संध्याकाळी मी त्यांना गाडीने रुग्णालयात न्यायचो. "हळू रे!" ते मांडीवरचा डबा सावरत ओरडायचे, "मागे पॅसेंजर नाहीत, पेज आहे!" दुसऱ्या दिवशी डबा चाटूनपुसून रिकामा मिळे. वहिनींच्या गालांवर रंग चढू लागला आणि सदाभाऊंची छाती फुगली. "औषध डॉक्टरांचं, ताकद पेजेची!" हे त्यांनी अख्ख्या इमारतीला ऐकवलं. स्वतः मात्र दुधी खाऊन निम्मे झाले होते.

एकदा सखीरला मोटारींची शर्यत होती, म्हणून माझं ऑफिस लवकर सुटलं. सदाभाऊंनाही सुट्टी होती. आम्ही दुपारीच डबा घेऊन पोचलो.

पडदा सारला. शेजारच्या खाटेवरच्या बहरीनी आजी, उम्म जासिम, यांच्या घरून परातभर भात आणि त्यावर अख्खा हामूर मासा आला होता. वहिनी मांडी घालून, पाची बोटांनी त्यावर तुटून पडल्या होत्या. आणि आजी? कालची पेज चमच्याने, डोळे मिटून! सदाभाऊंना पाहताच त्यांनी अंगठा उंचावला. "झैन! वल्ला, झैन!"

"कधीपासून?" सदाभाऊंनी विचारलं.

"अहो, डॉक्टरच म्हणाले मासे खा. तुम्ही इतक्या मायेनं पेज आणता, कसं सांगणार?"

"मी तिकडे दुधी गिळतोय आणि तू..."

"नवस तुमचा होता. माझा कुठे?"

सदाभाऊ स्टुलावर बसले. चेहरा असा, की मला थट्टा सुचेना. "खाल्लंस त्याचं काही नाही गं," ते हळूच म्हणाले. "पण परवा म्हणालीस, उद्या लोणचं जरा जास्त घाला. ती फर्माईश कुणाची?"

वहिनींनी मान खाली घातली आणि शेजारच्या खाटेकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात केरळची नर्स डोकावली. "अंकल, आंटी एकदम फिट! कल डिस्चार्ज."

सदाभाऊंनी देवीला हात जोडले. डोळे पुसले. मग त्यांची नजर परातीवर गेली. हामूरचा नुसता काटा उरला होता. इतके दिवस आवळून धरलेलं तोंड अखेर सुटलं आणि सगळा वॉर्ड दचकला:

"अगे, निदान मुंडी तरी माझ्यासाठी ठेवूक व्हयी होती!"