एक डिग्रीची सवलत

अन्याय झाला तो आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंवर, आणि झाला रविवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी, भर जेवणात. साक्षीदार मी. अन्याय करणारे गृहस्थ म्हणजे त्यांचे यजमान, आमचे काका. या काकांइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. सगळी गडबड त्या प्रामाणिकपणातूनच सुरू होते.

काकांनी तेहतीस वर्षं ओझरला विमानांचे सुटे भाग तपासले. निवृत्त झाले, पण तपासणी काही थांबली नाही. घरात एक कप्पा आहे, त्यात दोरा ओवलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या असतात: हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. नवीन केरसुणी आली की तिला चिठ्ठी, नवीन बादली आली की तिला चिठ्ठी. माझ्या लग्नासाठी आलेल्या एका स्थळाचा बायोडाटा आईने त्यांना सहज दाखवला, तर दुसऱ्या दिवशी तो लाल चिठ्ठी बांधून परत आला. शेरा होता, 'उंची दोन ठिकाणी वेगवेगळी दिली आहे.' ज्या वस्तूची तपासणी चालू असेल ती ते स्वतः तोंडात घालत नाहीत. तपासणाऱ्याने माल चाखला की तो मालवाल्याचा झाला, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात नवीन फरसाण आलं की काका ते वास घेऊन, मोडून, कागदावर तेल किती सुटतं ते बघून पास करतात, आणि खातो आम्ही.

त्यांच्या खिशात पेनाच्या शेजारी थर्मामीटर असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते तो बर्फाच्या पाण्यात आणि मग उकळत्या पाण्यात घालून तपासतात. नाशकात पाणी शंभर डिग्रीला उकळत नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं, कारण आपण समुद्रापासून बरेच वर आहोत, ही माहिती मला त्यांच्याकडून किमान चाळीस वेळा मिळाली आहे. एकदा त्यांनी ती कॉलनीच्या फाटकाजवळच्या चहावाल्यालाही दिली. तो गाळणं आपटत म्हणाला, "काका, ते दोन डिग्री मी आल्याने भरून काढतो." काका त्यावर खरंच विचार करत बसले. चहा गार झाला. गार चहाचंही तापमान त्यांनी घेतलं.

आता माझं सांगते. आम्ही आठ-दहा जण मिळून एक छोटा ग्राहक गट चालवतो आणि दर महिन्याला एक पत्रक काढतो. बाजारात आलेली घरगुती यंत्रं घ्यावीत की घेऊ नयेत, एवढाच त्याचा विषय. लिहिते मी, तपासतात काका, फुकट. पत्रकाच्या डोक्यावर मी पहिल्या अंकापासून एक ओळ छापते: 'आकडा खोटा, तर माल खोटा.' ही ओळ मला फार आवडायची. आवडायची म्हणते, कारण पुढे ती माझ्याच अंगावर आली.

काकू निफाडकडच्या. बोलणं थोडं, आवाज खणखणीत, आणि काळ्या मसाल्याचं मटण असं की रविवारी आमचा जिना चढताना माणसाची पावलं मंदावतात. त्यांना स्वतःलाही मटणाची भारी हौस, नळी फोडून खाणारी बाई. दिवाळीआधी त्यांचे वरचे सगळे दात काढावे लागले आणि कवळी आली. तेव्हापासून त्या मटण रांधायच्या तशाच, पण स्वतः रश्शात भाकरी कुस्करून खायच्या आणि फोडी हळूच ताटाच्या कडेला सारायच्या. तिथून त्या काकांच्या ताटात जायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "आता नाय आवडत मला." आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. काकांनी नाही केलं. त्यांच्या वहीत नोंद होती: 'रविवार चार. फोडी शून्य.'

मग उपाय सुरू झाले. कुकरच्या शिट्ट्या चारच्या सात झाल्या. मटण मऊ झालं, पण त्याचा दोरा झाला, आणि दोरे कवळीखाली अडकू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, दातात अडकायला तरी दात लागतात ना. हे तर हिरडीला गुदगुल्या करतंय." खिमा करून पाहिला. काकूंनी तो निमूट खाल्ला आणि म्हणाल्या, "खिमा लेकरांना भरवत्यात." म्हणजे पाहिजे होती ती फोडच: अख्खी, हाताला फोड म्हणून लागणारी आणि कवळीला न छळणारी. काकांच्या भाषेत सांगायचं तर आकार कायम, कडकपणा कमी.

नेमकं त्याच महिन्यात आमच्या पत्रकाकडे तपासणीसाठी, नापास झालं तर परत न्यायच्या बोलीवर, एक यंत्र आलं. सू-वीड असं काहीतरी त्याचं नाव, परदेशी हॉटेलांत वापरतात म्हणे, पण हे मिक्सरच्या किमतीत घरगुती स्वयंपाकघरासाठी काढलेलं. एक हातभर दांडा. तो पाण्याच्या भांड्याच्या काठाला चिमट्याने लावायचा. दांडा पाणी गरम करतो, गोल फिरवतो आणि सांगाल त्या तापमानाला धरून ठेवतो. मटण पिशवीत घालून, हवा काढून, त्या पाण्यात बुडवायचं आणि वाट बघायची. उकळी नाही, शिट्टी नाही. मऊ फोडीला चोवीस तास. काकूंनी हे ऐकलं आणि विचारलं, "चोवीस तासांत तर माझी माहेरची भावजय लग्नाचं जेवण काढायची. ह्यात एवढं काय शिजतंय?" मलाही तेच कुतूहल होतं. काकांना तर ते इतकं होतं की दांडा हातात आल्यावर पाच मिनिटं ते तो नुसता उलटासुलटा करून बघत होते.

पहिला प्रश्न भांड्याचा. खोल पातेलं घरात एकच, आणि ते सत्यनारायणाच्या शिऱ्याचं. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्यात बोकड गेला तर मी निफाडला जाईन." तेव्हा काकांनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं, त्यात पाणी भरलं आणि पिशवीत बांधलेलं मटण सोडलं. नरक चतुर्दशीला ज्या घंगाळातून आम्ही लहानपणी उटण्याचं पाणी घेतलं, त्यात मटणाचं अभ्यंगस्नान सुरू झालं. वाफ जाऊ नये म्हणून वर परात, आणि परातीवर काकांचा कारखान्यातला जुना स्वेटर.

पहिल्या शनिवारी दुपारी देखभालीसाठी वीज गेली. ती आली तेव्हा दांडा मुका. पुन्हा बटण दाबल्याशिवाय तो सुरूच होत नाही, हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. काका बाजारातून आले आणि घंगाळात बोट घालून उभे राहिले. "किती वेळ कोमट होतं, मला माहीत नाही," ते म्हणाले, "म्हणजे हे मटण मला माहीत नाही." आणि किलोभर मटण फेकलं. काकूंनी त्या रात्री त्यांना नुसतं पिठलं वाढलं. मी मात्र मनातून खूश, कारण पत्रकाला ठसठशीत मुद्दा मिळाला होता.

पुढच्या खेपेला दांडा पासष्ट डिग्रीवर लावला, शनिवारी दुपारी बरोबर एक वीसला. या वेळी वीज गेली नाही. रविवारी एक वीसला पिशवी उघडली, तर आतली फोड पांढुरकी, आजाऱ्यासारखी. काकूंनी नाक मुरडलं, पण पिशवीतलं पाणी रश्शात ओतलं, फोडी तव्यावर काळ्या मसाल्यात परतल्या आणि रश्शात सोडल्या. त्या फोडींचा एकदम चेहराच पालटला. दीडला पानं मांडली. काकूंनी पहिली फोड तोंडात घातली. चावली. थांबल्या. काका आणि मी त्यांच्या जबड्याकडे बघत होतो, दोघांपैकी एकालाही त्याची लाज वाटली नाही. त्यांनी गिळली, पाणी प्यायल्या, आणि दुसरी फोड उचलली. तीही गेली. मग भाकरी बाजूला ठेवून त्यांनी तिसरीसाठी डावाकडे हात नेला.

तेवढ्यात, मधेच कधीतरी उठून गेलेल्या काकांचा घंगाळाजवळून आवाज आला, "रिजेक्ट."

काकांनी दांडा बंद केला नव्हता. त्यांचा थर्मामीटर पाण्यात होता. दांड्यावर आकडा पासष्ट, थर्मामीटरवर चौसष्टपेक्षाही किंचित कमी. खोक्यावर छापलं होतं, अर्ध्या डिग्रीच्या आत अचूक. काकांनी दांडा बाहेर काढला, पंच्याने पुसला, लाल चिठ्ठी बांधली आणि खोक्यात घातला. "उद्या सकाळी माल परत न्यायला माणूस येतोय," ते म्हणाले, "परतीची मुदत उद्यापर्यंतच आहे." काकूंचा हात डावावरच राहिला. एक वाजून पन्नास मिनिटं. मी घड्याळ बघितलं, सवय आहे.

मी उठले. "काका, चार महिन्यांनी त्यांनी मटण खाल्लंय. तुम्ही तेच यंत्र परत पाठवताय. हा सरळ सरळ अन्याय आहे."

"पत्रकवाल्या बाई," काका शांतपणे म्हणाले, आणि कपाटावर चिकटवलेलं आमचंच पत्रक दाखवलं. "वरची ओळ वाचा. तुम्हीच लिहिलीय."

वाचली नाही, पाठ होती. आयुष्यात पहिल्यांदा माझी एखादी घोषणा मला पटेनाशी झाली होती.

"कारखान्यात असा थोडा चुकलेला भाग चालवून घेत नाहीत का?" मी विचारलं.

"घेतात. सवलत म्हणतात त्याला. पिवळी चिठ्ठी. कारण लिहायचं, जबाबदारी घ्यायची, सही करायची." त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. "मी तेहतीस वर्षांत एकही दिली नाही. त्या भागावर भरवसा ठेवून वर माणूस बसलेला असतो."

"इथं वर कोण बसलंय?" काकू म्हणाल्या. "मी बसलेय, खाली, पाटावर. अहो, दांडा एक डिग्री जास्त सांगतो ना? मग आपण एक डिग्री जास्त लावू. त्यात काय एवढं? तुमच्या बोलण्यात मी चाळीस वर्षं अशीच बेरीज करत आलेय. तुम्ही 'बरं आहे' म्हणता, मी लय भारी धरते. तुम्हाला पाठवलं का मी परत?"

काका खोकं घेऊन गॅलरीत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी बघायला जाणार होते, काकूंनी खुणेने बसवलं. रश्शावर तवंग धरू लागला तेव्हा ते आत आले. हातात दांडा, आणि दांड्याला पिवळी चिठ्ठी, इतकी जुनी की दोरा काळा पडलेला. त्यावर त्यांच्या रेखीव अक्षरात होतं: 'सवलतीने पास. फक्त या घरासाठी. आकडा सहासष्ट लावावा.' खाली कारणाचा रकाना. त्यात लिहिलं होतं, 'फोडी दोन.' खाली सही.

काकूंनी ती चिठ्ठी लांब धरून वाचली. "दोन नाय," त्या म्हणाल्या, "तीन करा," आणि डावातली फोड ताटात घेतली. काकांनी दोनावर रेघ मारली, तीन केले आणि खाडाखोडीशेजारी पुन्हा सही केली. मग तपासणी संपली म्हणून हात धुऊन शेजारी बसले आणि स्वतः एक फोड खाल्ली. "बरं आहे," म्हणाले. काकू माझ्याकडे बघून हसल्या.

पत्रकात मी खरं तेच लिहिलं. यंत्र आकडा जास्त सांगतं, वीज गेली की मुकं होतं, मोठं भांडं अडवतं, एक दिवस खातं. घरात सगळ्यांचे दात शाबूत असतील तर कुकर पुरे. पण डोक्यावरची ती ओळ या अंकापासून काढली. गटात भांडण झालं. होऊ दे.

दांडा अजून चालू आहे. पिवळी चिठ्ठी वाफेने मऊ झाली आहे, शाई पसरली आहे, इंग्रजीतला तीन आता आठासारखा दिसतो. अलीकडे शनिवारी दुपारी एक वीसला काका मला वर हाक मारतात आणि थर्मामीटर माझ्या हातात देतात. "उजेड कमी आहे," म्हणतात. खिडकीतून ऊन घंगाळावर पडलेलं असतं, तांब्याची चमक डोळ्यांत जाते इतकं. मी आकडा वाचते, ते वहीत लिहितात. आधी कधी कोणाचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी लिहिला नव्हता. मी दोनदा बघून सांगते.

तुमच्याकडे एकच मागणी आहे. हे यंत्र घ्या किंवा घेऊ नका. पण येत्या रविवारी आपल्या घरातली ताटं नीट बघा. कोण फोड कडेला सारतं आणि ती कोणाच्या ताटात जाते, ते बघा. मग जेवण चालू असतानाच, सगळ्यांसमोर विचारा. आणि 'आता नाही आवडत' असं उत्तर आलं, तर ते मान्य करू नका.