न लावलेला लाल टॅग

बर्फाच्या डोंगरात एका फील्ड वर्कशॉपला मी तीन वर्षं होतो. नाव विलास, रँक नायक, ट्रेड फिटर. भिवंडीत लोक अजून विचारतात, "फौजी, किती मारले?" मी सांगतो, पट्टे बदलले. मग त्यांचा रस संपतो आणि माझी सुटका होते.

वर्कशॉपमध्ये एकच लेथ होती. सहाला पीटी, आठला फॉल-इन, सव्वाआठला मशीन. मोटरच्या जोरावर चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, फिरवणारे तीन पट्टे आणि पायाने दाबायचा ब्रेक, एवढी माझी जबाबदारी. एक पट्टा गेला तरी तिन्ही बदलायचे, नाहीतर नवा एकटा भार ओढतो आणि जुने नुसते मिरवतात. ताण अंगठ्याने दाबून बघायचा. ब्रेकच्या लायनरला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. काम अर्धवट असेल तर मशीनवर लाल टॅग लावायचा. तो लागला की सुभेदारसाहेबांचंही चालत नसे. टॅग नाही म्हणजे मशीन ठीक.

लेथ चालवायचा नायक काशिनाथ, अकलोलीचा. एका तालुक्यातले आम्ही दोघंच. दात वाजायला लागले की तो म्हणायचा, "आमच्या गरम कुंडाचं बादलीभर पानी हितं आनलं आस्तं, तर जनरल झालो आस्तो." मी म्हणायचो, "आधी दाढी नीट कर." त्याच्याखेरीज तिथे आपल्या बोलीत बोलणारं मला कुणी नव्हतं.

त्या दिवशी दोन कामं होती. पट्टे घसरत होते आणि ब्रेकचं लायनर झिजलं होतं. अकरापर्यंत तिन्ही पट्टे बसवले. साडेअकराला वायरलेसवर निरोप आला. बंद गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीची पिन तुटली होती, नवी लेथवर करून हवी होती, मागे कॉन्व्हॉय अडकला होता आणि ढग भरून येत होते.

सुभेदारसाहेब आले. "मशीन?"

"साब, पट्टे हो गए. ब्रेक बाकी है."

"पहले पिन. ब्रेक बाद में."

"जी साब."

टॅग माझ्या खिशात होता. मी हात धुवायला गेलो.

जुने पट्टे घसरायचे, त्यामुळे चक पूर्ण वेग घेतच नव्हता आणि झिजलेला ब्रेकही पुरायचा. नव्या पट्ट्यांवर चक जोरात फिरला. बारा वाजून दहा मिनिटांनी काशिनाथच्या मफलरचं टोक त्यात सापडलं. त्याने ब्रेक दाबला होता. आम्ही पोचलो तेव्हा पाय पॅडलवरच होता. तो गेला होता. पिन दुसऱ्या युनिटने दिली आणि कॉन्व्हॉय सुखरूप उतरला.

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. निष्कर्ष निघाला, मफलर घालून मशीन चालवणं ही त्याची चूक. मला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गोळी लागून गेला नव्हता, म्हणून त्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही.

आता भिवंडीजवळ राहनाळला गोडाऊनमागे माझी शेड आहे. लूमचे भाग दुरुस्त करतो, एकटाच. शेजारचा लूमवाला म्हणतो, "चाचा, एक आदमी रख लो." दुसरा माणूस मशीनजवळ आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. दिवस निघतो. संध्याकाळी शटर ओढल्यावर मात्र एकटेपणा खायला उठतो.

यंदा धीर करून अकलोलीला गेलो. काशिनाथच्या बायकोने, सुमनवहिनींनी, चहा ठेवला.

"त्या दिवशी सकाळी फोन आलेला त्यांचा," त्या म्हणाल्या. "मशीनचा ब्रेक ढिला हाय म्हनाले, पन आज विलास बघनार हाय. त्याचा हात लागला का मंग बघाया लागत न्हाय."

"वहिनी, ब्रेक मी केला नव्हता."

त्यांनी गॅस बंद केला. "वरून हुकूम आसंल."

"होता."

"मंग भावोजी, त्यांना निस्तं सांगितलं का न्हाय?"

 त्या दिवशी वर्कशॉपमधून मी हात धुवायला निघालो तेव्हा काशिनाथ दारातच उभा होता, पिनचं ड्रॉइंग हातात घेऊन. मी "सरक" म्हणालो. तो सरकला.