तानूबाईंनी हरवलेलं बोंडलं

तिसरीच्या मुली तेराचा पाढा म्हणत होत्या आणि नेहमीप्रमाणे 'तेरा सक्कं'ला सगळ्या एकजात अडखळल्या होत्या, एवढ्यात वर्गाच्या दारात काशी दिसली. काशी म्हणजे तानूबाईंची सून. पदर सावरत ती उंबऱ्याबाहेरच थांबली... आणि मी हातातली छडी टेबलावर ठेवली. "सकाळी उठल्याच न्हाईत बाई," ती म्हणाली. "चूळ भरायला तांब्या ठेवला हुता, तसाच ऱ्हायला." मी मुलींना सुट्टी दिली. एकीनं धिटाईनं कारण विचारलं तेव्हा म्हटलं, "तुम्हाला ज्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, त्या गेल्या." वर्गातल्या निम्म्याअधिक पोरी खरोखरच तानूबाईंच्या पायांवर न्हाऊन मोठ्या झालेल्या होत्या. झोपेत, कुणाकडे पाण्याचा घोटही न मागता बाई गेली. सोनं झालं म्हणायचं. त्याला आता दीड महिना होत आला, आणि मला रोज सकाळी सातच्या सुमारास अजून वाटतं, आता कडी वाजेल आणि ओसरीवरून आवाज येईल, "पानी तापलं का गं बयांनो?"

आमच्या कोरेगावात बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बायका चार होत्या, पण तानूबाईंना सांगायला महिना-महिना आधी जावं लागे. पाटावर बसून पाय लांब करायच्या, त्या दोन काळ्या दणकट नडग्यांच्या खोबणीत पोर पालथं टाकायचं, आणि कढत पाण्याचे तांबे सुरू. पोर किंचाळायला लागलं की म्हणायच्या, "रड, रड, छाती मोकळी हुतीया." मग पुसून, वेखंड लावून, धुरी. निखाऱ्यावर ओवा आणि लसणीची सालं टाकून तो धूर पोराच्या अंगाखालून फिरवायचा. आणि शेवटी त्यांचा खास मानाचा विधी. लसणीची पाकळी टाकून कोमट केलेलं तेल, दोन्ही कानांत दोन-दोन थेंब. "कानात तेल म्हंजी समईत तेल. डोस्क्यात उजेड पडतो," हे त्या प्रत्येक घरी सांगत. एवढं तेल ओतून गावात उजेड का नाही पडला, असं मी एकदा विचारलं होतं. "तुमच्या कुंडलात न्हाई पडला म्हून तर तुमाला हितं दिली," असं उत्तर मिळालं!

कुंडल माझं माहेर. फायनलची परीक्षा देऊन मी मास्तरीण झाले, लग्न होऊन कोरेगावात आले, आणि आमची शकुंतला जन्मली तेव्हा तिचे वडील लढाईवर होते. पत्रावर पलटणीचा नंबर असायचा, गाव नसायचं. शकी चार महिन्यांची झाली आणि मी पुन्हा शाळेत रुजू झाले. माझ्या आईनं बारशाला चांदीचं बोंडलं दिलं होतं, चोचीची छोटी वाटी, पोटावर वेलबुट्टी काढलेली. मला त्याचा भारी तोरा. सकाळी शाळेची घाई असली की पोरीला मांडीवर उताणी आडवी टाकायची, बोंडल्याची चोच ओठांत धरायची आणि वाटीभर दूध घटाघट आत. दोन मिनिटांत काम फत्ते. दुपारी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच पद्धतीनं पाजत. कोरेगावात काय आणि कुंडलात काय, सगळी पोरं अशीच प्यायची.

पाचव्या महिन्यात शकीला सर्दी झाली, ताप चढला, दोन दिवस ती उजवा कान चोळत रडली आणि तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग दिसला. कान फुटला होता. फुटला की ठणका थांबतो, पोर हसायला लागतं, आणि आपण म्हणतो सुटलो एकदाचे. पण महिना सरला नाही तोच पुन्हा सर्दी, पुन्हा ताप, पुन्हा कान. मग डावा, मग दोन्ही. पाळी लावून दिल्यासारखे तिचे कान आलटून पालटून वाहायचे. "दातांचं हाय," आत्याबाई म्हणायच्या. "हवा लागली," शेजारीण म्हणायची. तानूबाई म्हणायच्या, "तेल वाढवते."

शकी सव्वा वर्षाची असेल. माझ्या हातून पितळेची परात फरशीवर पडली. असा दणका झाला की चुलीपाशी निजलेलं मांजर थेट फडताळावर गेलं. शकी आमच्याकडे पाठ करून खुळखुळ्याशी खेळत होती... ती हललीसुद्धा नाही. मी मुद्दाम परात उचलून पुन्हा आपटली. नाही. ती 'बाबा', 'मामा' काहीच का म्हणत नाही, हे कोडं त्या क्षणी सुटलं, आणि सुटायला नको होतं असं वाटलं. आत्याबाईंनी समजूत घातली, "अगं, तिचा बाप बी अडीच वर्सानं बोलला." त्याच आठवड्यात त्या बापाचं पत्र आलं: 'पोरगी मला काय म्हणून हाक मारते?' मी उत्तर लिहिलं, 'आबा म्हणते.' आयुष्यात नवऱ्याशी इतकं धडधडीत खोटं मी दुसरं बोललेले नाही.

मी रजा काढली, आगगाडीनं मिरज आणि तिथून सांगली गाठली. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या. कपाळाला गोल आरसा बांधून त्यांनी बारीक नळीतून शकीच्या कानात पाहिलं. पडदे फाटलेत, म्हणाल्या, पण वय लहान आहे, कान कोरडे राहिले तर भरून येतील आणि ऐकूही येईल. असेच वाहत राहिले तर मात्र सांगता येत नाही. लढाईच्या दिवसांत नव्या निघालेल्या गोळ्या दिल्या, पाण्यात खलून द्यायच्या. "आणि कानात तेल, पाणी, रस, काही म्हणजे काही घालायचं नाही." मला परतीची गाडी गाठायची होती. मी मान डोलावली आणि निघाले. जेमतेम पाव तास बसले असेन.

घरी येऊन तानूबाईंना निक्षून सांगितलं. "व्हय व्हय," त्या म्हणाल्या. कान सुकले. तीन आठवडे मी देवाचे आभार मानत होते, आणि मग पुन्हा तो पिवळा डाग. एका शनिवारी सकाळची शाळा सुटून मी अचानक घरी आले, शकीला उचलून पापा घेतला, तर कानाला लसणीचा वास! तानूबाई धुरीची कोळशाची खापरी उचलत होत्या. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लेकरू कान चोळत हुतं. बघवंना बाई. दोनच थेंब घातलं." मग मात्र माझा तोल सुटला. मी जे बोलले, ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. "माझी पोर बहिरी झाली ती तुमच्या हातानं झाली. कळलं? तुमच्या ह्या हातानं!" तानूबाई उभ्या राहिल्या. स्वतःच्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं, घंगाळात ते धुतले आणि निघून गेल्या.

पाच दिवस त्या आल्या नाहीत. मीही निरोप धाडला नाही, ताठाच तेवढा. सहाव्या दिवशी दारात उभ्या, पायांवर स्टेशनच्या रस्त्याची धूळ. जन्मात आगगाडीत न बसलेली ती बाई एकटी सांगलीला जाऊन आली होती! "दिसभर बसले," त्या सांगू लागल्या. "डाक्टरीणबाईस्नी म्हनलं, दावा मला, आत काय हाय त्ये. मगच मी म्हनीन, माजं चुकलं का तुमचं. त्यास्नी राग न्हाई आला. एका लेकराच्या कानात बघू दिलं. भोक हाय बाई पडद्याला... खसखशीएवढं. त्यात मी तेल वतत हुते." आणि ओसरीवर बसून ती बाई ढसाढसा रडली. मीही रडले. आत्याबाईंनी दोघींना चहा करून दिला.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते भल्याभल्यांना जमणार नाही. ज्या-ज्या घरी त्यांच्या हातचं पोर रांगत होतं, त्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी सांगितलं, "कानात तेल घालू नका. मी घालत हुते, माजं चुकलं." नावावर पोट असलेल्या बाईनं स्वतःच्या तोंडानं असं सांगायचं म्हणजे काय! लोक हसले. पेठेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "मग आमचं कान कसं शाबूत ऱ्हायलं गं?" तानूबाई म्हणाल्या, "देवाच्या किरपेनं. माज्या न्हवं." दोन घरांनी दुसरी बाई लावली. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

आमच्याकडे धुरी बंद झाली, चुलीच्या धुरातून पाळणा ओसरीवर आला. तानूबाई हात साबणानं धुऊन स्वच्छ कापसाच्या मऊ वाती वळत. काडी नाही, टोक नाही. ती वात वाहत्या कानाच्या तोंडाशी अलगद धरायची, ओली झाली की दुसरी, कोरडी निघेपर्यंत. न्हाताना कापसाचा बोळा तेलात बुडवून, घट्ट पिळून कानाच्या तोंडाशी ठेवायचा, म्हणजे पाणी आत जात नाही. "बघा, तेलाला बी जागा दिली डाक्टरीणबाईनं, पर भायेर," असं म्हणताना त्यांचा चेहरा जरा खुलायचा.

त्याच आठवड्यात माझं चांदीचं बोंडलं हरवलं. "नदीवर घासाया न्हेलं आन् व्हाऊन गेलं," तानूबाई म्हणाल्या. आत्याबाई लगेच, "चांदी कवापासनं व्हायला लागली गं?" तानूबाईंनी घंगाळ उपडं केलं आणि पदर खोचला. त्या गेल्यावर आत्याबाईंनी जे बोलून दाखवलं ते इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळेल. मी 'तसं नसेल हो' एवढंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तानूबाईंनी शकीला माझ्या मांडीवर ताठ बसवलं, हातात वाटी-चमचा दिला. "आता ह्येनंच पाजा. बसवूनच हां, न्हाईतर ठसका लागंल." त्याला पाऊण तास लागायचा, माझा जीव मेटाकुटीला यायचा आणि मनातल्या मनात मी तानूबाईंच्या नावानं बोटं मोडायचे. पुढं सांगलीला दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाजता कसं?" मी म्हटलं, "बसवून, वाटी-चमच्यानं." "शाबास," त्या म्हणाल्या. आणि ती शाबासकी मी खुशाल पदरात बांधून घरी आणली.

कान सुकत गेले. सर्दी झाली तरी दर वेळी फुटेनात. तानूबाई रोज न्हाण्याआधी शकीच्या पाठीमागं उभ्या राहून बांगड्यांनी तांब्या वाजवायच्या. रोज... आणि शकी आपली खुळखुळ्यात दंग. पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा एका सकाळी तांब्या वाजला आणि तिनं मान वळवली. तानूबाई ओरडल्या, "ऐकतंय गं बया!" आणि तांब्यातलं सगळं पाणी माझ्या अंगावर. पुढं दोन-तीन महिन्यांनी पहिला शब्द आला तो 'तानू'. मी आठ दिवस फुगून बसले होते. पण वडील रजेवर आले, ट्रंक ओसरीवर ठेवली, तेव्हा ती माझ्या मागं लपली आणि लुगड्याआडून म्हणाली, "आबा?" माझं पत्रातलं खोटं पोरीनं खरं केलं. आज ती दुसरीत आहे, उजव्या कानानं थोडं कमी ऐकते, बाकी तिची टकळी बंद करायला मलाच छडी घ्यावी लागते.

बोंडल्यावरून मात्र मी तानूबाईंना इतकी वर्षं छळलं. गंमतीनं, पण चारचौघींत. "ह्यांच्या हाती चांदी देऊ नका गं, वाहून जाते!" त्या हसायच्या आणि पुढच्या पोराचे पाय चोळायला घ्यायच्या.

तेरावा झाल्यावर काशी आली, हातात चिंधीची पुरचुंडी. "माज्या पाठीमागं मास्तरीणबाईस्नी दे, आदी न्हाई, असं सांगून ठेवलं हुतं त्यांनी." मी गाठ सोडली. बोंडलं! काळं पडलेलं, आणि पोटात कापसाच्या वाती वळून ठेवलेल्या. "हे काय गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सांगलीच्या डाक्टरीणबाईनं त्यास्नी तवाच सांगितलं हुतं. लेकराला आडवं निजवून पाजलं की दूद घशातनं कानाच्या आतल्या वाटंला जातं. दुकनं सुरू हुतं त्ये तितनं. तेलानं नुसतं वाढवलं." "मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढलाच. "म्या बी हेच इचारलं बाई. तर म्हनाल्या, तिचा मालक लढाईवर, पोर ऐकंना, आन् वर हे सांगू? माज्यावर वरडली त्ये बरं झालं. सोतावर वरडली असती तर तिला कुनी समजावलं असतं?"

'तुमच्या ह्या हातानं' म्हणाले होते मी. ते हात माझेही होते, आणि हे त्या बाईनं मला जिवंतपणी कळू दिलं नाही. चोर ठरली, पण कळू दिलं नाही.

परवा रविवारी ते बोंडलं राखेनं घासलं. धाकटा सात महिन्यांचा आहे; त्याच्याही पाठीमागं तानूबाई शकीदेखत रोज तांब्या वाजवायच्या. त्याला मांडीवर बसवून मी वाटी-चमच्यानं भरवत होते, आत्याबाई शेजारी वाती वळत होत्या. शकीनं बोंडलं उचललं आणि त्याच्या पाठीमागं जाऊन चमच्यानं टणकन वाजवलं. त्यानं गर्रकन मान वळवली. "ऐकतंय गं बया!" शकी ओरडली, हुबेहूब त्याच हेलात. मग बोंडलं उलटसुलट करून पाहत म्हणाली, "आई, हे कुणाचं गं?"

"तानूबाईंचं," मी म्हटलं. आत्याबाईंनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "व्हय गं बाळ, तानूचंच."