धर्मादादाचं बटण

खारी गावात धर्मादादाला दोन कारणांनी मान होता. एक म्हणजे तो पाणीखात्यात व्हॉल्व्हमन होता, आणि भाईंदरमध्ये ज्याच्या हातात पाण्याची चावी त्याला स्वतःच्या पैशाने चहा प्यावा लागत नाही. दुसरं म्हणजे तो बेंजो वाजवायचा. बापाची भातशेती आणि मिठागरातला वाटा बिल्डिंगांखाली गेला, दादाच्या वाट्याला एक लहानशी चाळ आली. तिच्यातल्या एका खोलीत मी भाडेकरू. मी रत्नागिरीकडचा. खोली बघायला गेलो तेव्हा मी ढोलकी वाजवतो हे त्याला कळलं, आणि मग खोलीचं बोलणं राहिलं बाजूला, मी थेट त्याच्या बेंजो पार्टीतच भरती झालो.

दादाच्या बेंजोची वायर हातगाडीवरच्या भोंग्यांत जायच्या आधी गिटारवाल्यांच्या दोन पेडलांतून जायची. पिवळं पेडल आवाजाला धार द्यायचं, निळं घुमारा. दोन्ही त्याने उत्तनच्या एका लग्नाच्या बँडमधल्या गिटारवाल्याकडून घेतली होती. आत चौकोनी बॅटरी, वर तीन गोल बटणं, संपलं. स्क्रीन नाही की नंबर नाही. बायकोच्या मंगळसूत्रानंतर घरात जपलेली वस्तू कुठली, तर ही पेडलं.

‘बटन फिरवला का आवाज फिरला पायजे,’ तो म्हणायचा. ‘व्हॉल्व्हचा बी तसाच हाय.’

आमच्या पार्टीची एक रीत होती. गणपतीचा हंगाम असो की कुणाची हळद, सुरू करण्याआधी आवाज बांधायचा. सगळ्यांनी हात थांबवायचे. दादा एकच सूर ताणून वाजवणार, मग वाकून पिवळ्या पेडलचं धारेचं बटण हळूहळू फिरवणार, परत वाजवणार, परत फिरवणार, आणि समाधान झालं की मान हलवणार. त्यानंतर पेडलला कुणी शिवायचं नाही. त्याचा मुलगा प्रणय आमच्यात ऑक्टोपॅड वाजवायचा, पण त्यालाही ती मुभा नव्हती.

दोन हजार चारच्या सुमाराला दादाच्या बेंजोचा आवाज चावायला लागला. वर्षानुवर्षं भोंग्याशेजारी उभं राहून त्याच्या कानांतला वरचा, बारीक आवाज गेला होता. बोलणं त्याला नीट ऐकू यायचं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. पण बेंजोची धार ऐकू येईना, म्हणून तो बटण आणखी फिरवायचा. त्याच्या कानाला गोड लागेपर्यंत आमच्या दातांतून कळ निघायची. हळदीत बाया कानांवर पदर घ्यायला लागल्या. एका हळदीत नवरदेवाची आजी उठून आत गेली, ती जेवायलाच बाहेर आली. सुपाऱ्या कमी झाल्या. दादा म्हणायचा, यंदा मुहूर्तच कमी हायत.

मी त्याला सांगणार होतो. माझा स्वभावच तसा, पोटात ठेवलेलं मला पचत नाही. पण रुक्मिणीवहिनींनी मला पायरीवरच अडवलं. वहिनी म्हणजे दादाची बायको. गावातल्या लग्नांत धवले गाणारी बाई, देवांना मांडवात बोलवायचं काम त्यांच्या गळ्याचं. त्यांना त्या आवाजाचा त्रास आमच्याहून जास्त होत असणार.

‘शिवा, ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या. ‘त्याला कलला ना, तर बेंजो गुंडालून माल्यावर टाकंल. मंग तो मानूस घरान बसून करंल काय?’

यात अतिशयोक्ती नव्हती. डॉक्टरने चहातली साखर बंद करायला सांगितली तर त्याने चहाच सोडला होता. दादाचं एक घाव दोन तुकडे. बेंजो सुटला असता तर ड्यूटीवरून येऊन भिंतीकडे बघत बसला असता, आणि तसा दादा मला बघवला नसता.

दोन वर्षं अशी गेल्यावर प्रणयने डोकं चालवलं. तो शांती नगरला मोबाइलच्या दुकानात कामाला होता, यंत्रांशी त्याचं चांगलं जमायचं. एके दिवशी तो एक चपटा काळा प्रोसेसर घेऊन आला. डिजिटल. एका डब्यात पन्नास पेडलांचे आवाज.

दादाने त्याला पायाने ढोसून बघितलं. ‘आवाज आधीच करून ठेवलाय का याच्यान? म्हंजे शिल्या भाताला फोडनी.’

‘बाबा, तुझी बॅटरी मिरवणुकीत मध्येच बसते. पाऊस लागला की पेडल खरखर करतं. हा डबा एकदा ठरवला की तसाच वाजतोय.’

‘तसाच वाजतंय ना? मंग मी कशाला?’

आठवडाभर बापलेकांचं हे चाललं होतं. प्रणय डबा जोडायचा, दादा वायर काढून पिवळ्या पेडलला लावायचा. मध्ये मी. मला दोघांचाही राग यायचा, कारण माझ्या ढोलकीला वायरच नाही आणि तिच्याबद्दल कुणी एक शब्द बोलत नव्हतं.

शेवटी प्रणयने जुनी कॅसेट काढली. दादाचे कान शाबूत होते त्या काळातल्या एका हळदीची. ती ऐकून ऐकून त्याने प्रोसेसरमध्ये हुबेहूब तो आवाज बसवला. दादाने वाजवून बघितलं, परत एकदा वाजवून बघितलं.

‘यो माझाच हाय,’ तो म्हणाला. ‘पन धारेचा बटन कुठला?’

प्रणयने डब्यावरचं एक मोठं बटण दाखवलं.

बाहेर आल्यावर त्याने आम्हाला खरं सांगितलं. त्या यंत्रात कुठल्या बटणाने काय बदलायचं ते आपण ठरवू शकतो. या बटणाला प्रणयने काहीच जोडलं नव्हतं. कितीही फिरवा, आवाज ढिम्म हलणार नाही.

मला ते पटलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातात खुळखुळा द्यावा तसं वाटलं. पण दुसरं सुचत असेल तर सांग, असं प्रणय म्हणाला, आणि मला काही सुचत नव्हतं.

गणपतीआधी गावदेवीच्या देवळासमोर आम्ही आवाज बांधायला उभे राहिलो. वहिनी समोर नारळ घेऊन उभ्या होत्या. दादाने सूर ताणला, वाकला, ते बटण फिरवलं. एका टोकाला नेलं, मग पार दुसऱ्या टोकाला. मग मान वर करून समोर बघितलं आणि म्हणाला, ‘आता बरा लागतंय.’ आम्ही सगळे चपलांकडे बघत होतो.

तो हंगाम मात्र सोन्याचा गेला. कुणी कानावर पदर घेतला नाही. सिल्व्हर पार्कच्या मंडळाने दोनदा बोलावलं. लोक म्हणाले, धर्माचा बेंजो परत पहिल्यासारखा झाला. दादा प्रत्येक ठिकाणी तितक्याच गंभीरपणे वाकून ते बटण फिरवायचा, आणि कुणी कौतुक केलं की हसून डब्याकडे बोट दाखवायचा.

वैशाखात त्याच्या मुलीची, निशिगंधाची हळद आली. पाहुण्यांनी सांगून बघितलं, बापाने कुठे वाजवायचं असतं, दुसरी पार्टी बोलवा. दादा म्हणाला, पोरीच्या हलदीला दुसरा वाजवील न मी लाडू वाटू काय?

मांडव भरला होता. वहिनी हळदीचं ताट घेऊन मांडवात उभ्या होत्या. आम्ही हात थांबवले. दादाने बेंजो गळ्यात अडकवला, पण सूर ताणला नाही. प्रणयला जवळ बोलावून म्हणाला, ‘आज बटन चालू कर.’

प्रणयचा चेहरा उतरला. ‘चालूच आहे, बाबा.’

‘खोटा नको बोलू.’ दादाचा आवाज शांत होता. ‘दोन वर्सा मी वाजवतंय न तुझ्या आयशीच्या कपालावर आठी बघतंय. मना वाटायचा, बाई माझ्यावर रागावलीय. गावदेवीसमोर तुझा डबा वाजवला त्या दिवशी आठी गेली. मी बटन या टोकापासून त्या टोकाला नेला, तरी आठी आली न्हाय. तवाच कलला बटन मुका हाय. आन खोट माझ्या कानान हाय, ता बी तवाच कलला.’

‘मग बोलला का नाहीस?’ प्रणयने विचारलं.

‘तुमी सगली मना जपत होतात. मंग मी बी तुमाला जपला. पन आज पोरीची हलद हाय. आज मना फिरवायचा हाय.’

प्रणयने खाली बसून डब्यात खटपट केली आणि बटण जोडून दिलं. मला वाटलं, आता हा माणूस आज शेवटचं वाजवणार आणि उद्या बेंजो माळ्यावर टाकणार.

दादाने सगळ्या मांडवादेखत हाक मारली. ‘रुक्मिनी, पुढं ये. मना वरचा आवाज ऐकू येत न्हाय. तुना येतंय. तू सांग.’

असं चारचौघांत सांगायला त्याला किती जड गेलं असेल ते मी जाणतो. वहिनी ताट हातात घेऊनच पुढे आल्या आणि भोंग्यासमोर उभ्या राहिल्या. दादाने सूर ताणला आणि बटण फिरवलं. त्याने कान दिलाच नाही, तो फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

‘जास्त झाला,’ वहिनी म्हणाल्या. ‘अजून खाली. अजून. आता जरा वर.’ मग डोळे मिटून त्यांनी एकदा नीट ऐकलं. ‘बास. असाच ठेव.’

दादा वाजवायला लागला. प्रणय नाक पुसत ऑक्टोपॅडवर बसला, मी ढोलकीवर थाप मारली. तिकडे पाटावर निशिगंधा खोळंबली होती. आईने पहिली हळद लावल्याशिवाय पुढचं काही होईना, म्हणून बाया वहिनींना हाका मारत होत्या. दादाची नजर काही वहिनींवरून हलत नव्हती. वहिनींनी मागे न बघताच ताट शेजारणीच्या हातात दिलं.

‘पोरीला म्हनावा जरा थांब,’ त्या म्हणाल्या. ‘याचा गाना होऊ दे.’